बटाट्यातला शोध : कमलाबाई सोहोनी

कमला भागवत यांचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. त्यांच्या घरात विज्ञान नवे नव्हते. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते. बंगळूरची टाटा विज्ञानसंस्था सुरू झाली तेव्हा तेथे शिकलेल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत हे दोघे भाऊ होते. कमलाची थोरली बहीण दुर्गा. तीच पुढे दुर्गा भागवत या नावाने मराठीतील मोठी लेखिका झाली. एका घरातल्या दोन बहिणी, एक शब्दांकडे गेली आणि दुसरी प्रयोगशाळेकडे.

कमलाने मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन 1933 साली बी. एस्‌सी. केले. परीक्षेत ती पहिली आली. आता पुढे संशोधन करायचे आणि तेही वडील व काका जेथे शिकले त्याच संस्थेत, असे तिने ठरवले होते. तिने बंगळूरला अर्ज पाठवला. गुण पाहता अर्ज नामंजूर होण्याचे काही कारण नव्हते.

पण अर्ज नामंजूर झाला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. 1930 साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता. त्यांनी प्रवेश नाकारला, तो कमलाचे गुण कमी होते म्हणून नव्हे, तर ती मुलगी होती म्हणून. वडिलांनी आणि काकांनी विनंती करून पाहिली. उपयोग झाला नाही.

मुलांनो, अशा वेळी बहुतेक घरांत काय होते ते तुम्हांला माहीत आहे. नशिबात नव्हते असे म्हणून मुलीचा विषय तेथेच मिटवला जातो. कमलाने तसे होऊ दिले नाही. ती स्वतः बंगळूरला गेली, रामन यांच्यापुढे उभी राहिली आणि प्रवेश न देण्याचे कारण विचारू लागली. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता. कमलाने संचालकांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह केला. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे राहील, तोवर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे तेथील पुरुष संशोधकांचे लक्ष कामावरून उडता कामा नये.

शेवटची अट वाचून आजही राग येतो. लक्ष दुसऱ्याचे उडणार आणि जबाबदारी मात्र कमलाची! रामन यांचे प्रकाशावरचे संशोधन फार थोर आहे आणि त्याच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो. पण या बाबतीत ते चुकले, असे म्हटलेच पाहिजे. कमलाबाईंनाही हा अपमान जन्मभर विसरता आला नाही. तरी त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या, कारण दार किलकिले का होईना, पण उघडले होते.

बंगळूरला त्यांना श्रीनिवासय्या नावाचे कडक शिस्तीचे मार्गदर्शक लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांत कोणती प्रथिने असतात, हा कमलाचा विषय होता. आपल्या देशातील गरीब माणसाला मांस, अंडी रोज परवडत नाहीत. त्याचे पोषण डाळीवर चालते. म्हणून हा विषय साधा दिसला तरी मोलाचा होता. वर्षभराने रामन यांनी तिचे काम पाहिले आणि ते समाधानी झाले. त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. 1936 साली कमलाने एम. एस्‌सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

मग शिष्यवृत्ती घेऊन ती इंग्लंडला, केंब्रिज विद्यापीठात गेली. तेथे जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरील कामासाठी 1929 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांची प्रयोगशाळा इतकी भरलेली होती की, नव्या विद्यार्थिनीला टेबलही मोकळे नव्हते. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसभर कमलाला वापरायला दिले आणि स्वतः रात्री काम केले. बंगळूरमधल्या अटी आठवल्या की, या लहानशा गोष्टीची किंमत कळते. पुढे रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमला रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागली. हिल वनस्पतींचा अभ्यास करत. येथे कमलाच्या हातात बटाटा आला.

बटाट्यात शोधण्यासारखे काय असणार, असे तुम्हांला वाटेल. ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञाने 1925 साली प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये एक रंगद्रव्य दाखवले होते. त्यात लोह असते. रक्तातील लाल रंगाच्या द्रव्याशी त्याचे नाते आहे. केलिन यांनी त्याला सायटोक्रोम म्हणजे पेशीचा रंग असे नाव दिले. पेशीच्या श्वसनात हे द्रव्य भाग घेते, असे दिसून आले होते. वनस्पतींतही त्याची खूण सापडली होती, पण वनस्पतीच्या श्वसनात त्याचे स्थान नेमके काय, हे नीट उलगडलेले नव्हते. हिरव्या पानात शोधायला जावे तर हरितद्रव्याचा रंग इतका गडद की, बाकीचे रंग त्यात बुडून जातात. बटाट्याचे तसे नाही. तो आतून पांढरा.

कमलाने बटाट्यावर प्रयोग केले आणि वनस्पतीच्या ऊतीतील प्रत्येक पेशीत सायटोक्रोम सी असते व ते पेशीतील ज्वलनात भाग घेते, असे दाखवले. सायटोक्रोम सीकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते ऑक्सिजनला देणारे एक विकर असते. त्याचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज. विकर म्हणजे तुमच्या उर्दू विज्ञानातील खामरा, पेशीतले एखादे रासायनिक काम घडवून आणणारे प्रथिन. फुलझाडांतील या विकराविषयी हिल आणि कमला भागवत यांचा छोटासा लेख 1939 साली 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात आला. कमलाने केवळ 14 महिन्यांत काम पुरे करून प्रबंध लिहिला. तो फक्त 40 पानांचा होता. इतरांचे प्रबंध जाडजूड ग्रंथांसारखे असत. 1939 साली केंब्रिजने तिला पीएच. डी. दिली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री मानली जाते.

पण हे विकर नेमके करते काय? येथे जरा थांबून समजून घेऊ, कारण त्याचा संबंध बटाट्याशी आहे तसाच तुमच्या पोटाशीही आहे.

खडकीतल्या कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. खालचे पाणी आपोआप वर चढत नाही. पंप लावावा लागतो आणि पंपाला वीज लागते. टाकी भरली की मग पाणी वरून खाली आपोआप येते. पेशीतही असेच पंप आहेत. फरक इतकाच की, ते पाणी चढवत नाहीत, आयन चढवतात.

आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेला कण. हायड्रोजनच्या अणूत एक इलेक्ट्रॉन असतो. त्याचा प्रभार ऋण असतो. तो काढून घेतला की, उरलेल्या कणाचा प्रभार धन होतो. हा झाला हायड्रोजन आयन. पेशीच्या भोवती आणि पेशीतील लहान लहान भागांभोवती पातळ पटल असते. तुम्ही त्याला झिल्ली म्हणता. हे पटल तेलासारख्या द्रव्याचे असते. प्रभार असलेला कण त्यातून सहजासहजी जाऊ शकत नाही. त्याला वाट करून द्यावी लागते. आणि जेथे आधीच त्याच्यासारख्या कणांची गर्दी आहे तेथे त्याला न्यायचे असेल, तर नुसती वाट पुरत नाही. जोर लावून ढकलावे लागते. हे काम पटलात बसलेली काही विकरे करतात.

पेशीत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म भाग असतात. तेथे अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे जातात. आग विझवताना लोक रांगेत उभे राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसेच हे आहे. सायटोक्रोम सी हा त्या रांगेतील शेवटून दुसरा हात. शेवटचा हात सायटोक्रोम ऑक्सिडेजचा. तो इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतो आणि त्यापासून पाणी बनते. आपण श्वासातून घेतलेला बहुतेक ऑक्सिजन याच कामी येतो.

इलेक्ट्रॉन असे पुढे जाताना ऊर्जा सुटते. ती कोठे जाते, हे 1939 साली कोणालाही नीट सांगता येत नव्हते. 1961 साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. त्यांच्या मते ही ऊर्जा हायड्रोजन आयन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चढवण्यासाठी खर्च होते. धरणात पाणी साठवावे तसे तेथे आयन साठतात. कोयनेचे पाणी खाली उतरताना चक्र फिरवते आणि वीज तयार होते. आयनही परत उतरताना पटलातील एक विकर फिरवतात आणि त्यातून एटीपी नावाचे द्रव्य तयार होते. एटीपी म्हणजे पेशीचे चलनी नाणेच. जेथे काही काम करायचे असेल तेथे ते खर्च करायचे. मिचेल यांचे म्हणणे पुष्कळ शास्त्रज्ञांना बरीच वर्षे पटले नाही. पुढे ते खरे ठरले आणि 1978 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, 1977 साली, फिनलंडच्या मार्टेन विकस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की, सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर स्वतःच एक पंप आहे. म्हणजे कमला भागवत आणि हिल यांनी फुलझाडांत ज्याचा अभ्यास केला, ते विकर आयन चढवणारे यंत्र निघाले, पण अडतीस वर्षांनंतर. विज्ञानात असे होते. हातात आलेल्या वस्तूचे पूर्ण मोल ती शोधणाऱ्यालाही त्या वेळी कळत नाही.

आता पोटाकडे येऊ. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. आम्ल म्हणजे तेजाब. ते अन्नातील जंतू मारते आणि प्रथिनांचे पचन सुरू करून देते. हे आम्ल कोठून येते? जठराच्या भिंतीत त्यासाठी खास पेशी आहेत. त्यांच्या पटलात एक पंप बसलेला आहे. तो पेशीतील हायड्रोजन आयन बाहेर जठरात ढकलतो आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियमचा एक आयन आत घेतो. दोघांचा प्रभार सारखाच धन असल्याने हिशोब बरोबर राहतो. आत आलेले पोटॅशियम पुन्हा वेगळ्या वाटेने बाहेर येते आणि पंपाला नव्या अदलाबदलीसाठी मिळते. पेशीतून क्लोराइड आयनही आपल्या वाटेने बाहेर पडतो. हायड्रोजन आणि क्लोराइड एकत्र आले की, झाले हायड्रोक्लोरिक आम्ल.

हे काम किती अवघड आहे पाहा. जठरातील हायड्रोजन आयनांची दाटी पेशीच्या आतल्यापेक्षा सुमारे 10 लाख पट होऊ शकते. एवढ्या गर्दीत आणखी एक कण घुसवायचा! त्यासाठी पंप एटीपी खर्च करतो. एटीपीमधला फॉस्फेटचा तुकडा पंपाला चिकटतो आणि पंपाचा आकार बदलतो. आतल्या बाजूला उघडी असलेली त्याची घडी मिटते आणि बाहेरच्या बाजूला उघडते. हायड्रोजन आयन बाहेर सुटतो. मग पोटॅशियम घेऊन घडी पुन्हा आत वळते. हे एटीपी येते कोठून? तंतुकणिकांतून. आम्ल बनवणाऱ्या या पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात. म्हणजे एका पंपाने कमवायचे आणि दुसऱ्याने खर्चायचे.

हा पंप सतत जोरात चालत नाही. पोट रिकामे असताना बरेचसे पंप पेशीच्या आत लहान पिशव्यांत पडून असतात. अन्न दिसले, वास आला, नुसती आठवण झाली, तरी मेंदूकडून निरोप जातो आणि या पिशव्या पेशीच्या पटलात येऊन मिसळतात. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी भजी तळल्याचा वास आला की, तोंडाला पाणी सुटते ते आपल्याला कळते. त्याच वेळी पोटातले पंपही कामाला लागलेले असतात, ते मात्र कळत नाही. जठराचा हा पंप 1970 च्या दशकात शोधला गेला. आम्लामुळे त्रास होणाऱ्या किंवा पोटात व्रण झालेल्या रोग्यांना डॉक्टर ओमेप्रॅझोलसारखी औषधे देतात. ती नेमकी या पंपालाच चिकटून त्याला बंद पाडतात. (डॉक्टरांना न विचारता मात्र ही औषधे घेऊ नयेत.)

कमलाबाईंनी जठराच्या पंपावर काम केले नाही. पण पोटात गेलेल्या अन्नाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. 1939 साली त्या भारतात परतल्या. काही काळ दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख होत्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत त्यांनी साहाय्यक संचालक म्हणून काम केले. 1947 साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या आणि कमला भागवत यांच्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

येथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रोजच्या जेवणातले पदार्थ तपासायला घेतले. डाळी, कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा, ताडगूळ. वालासारख्या कडधान्यांत एक असे द्रव्य असते की, ते ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवते. ट्रिप्सिन आतड्यात प्रथिने पचवते. ते अडले तर खाल्लेले प्रथिन अंगी लागत नाही. 1950 च्या दशकात कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने भारतीय खाद्यपदार्थांतील या द्रव्यांचा अभ्यास केला. अशी द्रव्ये चांगल्या उष्णतेने बरीचशी निकामी होतात. आपल्या आया-आजी वाल, पावटे भिजवून आणि चांगले शिजवूनच करतात, त्यात किती शहाणपण आहे पाहा. त्यांना ट्रिप्सिन ठाऊक नव्हते, इतकेच.

नीरेचे काम त्यांनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतले. नीरा म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडांचा ताजा, न आंबलेला गोड रस. त्यात जीवनसत्त्वे आणि लोह चांगल्या प्रमाणात असते, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुलामुलींना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मला स्वतःला केंब्रिजच्या पदवीइतकेच हे काम मोठे वाटते. बटाट्यातील विकर शोधणारे जगात आणखी कोणी निघाले असते. आदिवासी मुलांच्या पोटात काय जाते, हे पाहायला इकडचेच कोणी हवे होते. मुंबईच्या आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी त्या सल्ला देत.

एवढे करूनही विज्ञानसंस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना वाट पाहावी लागली. त्यांचा हक्क असतानाही अंतर्गत राजकारणामुळे ते पद काही वर्षे त्यांच्यापासून दूर ठेवले गेले. 1933 साली दार बंद होते ते बंगळूरला. या वेळी मुंबईत. शेवटी त्या संचालक झाल्याच.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत 1966 साली काही स्त्रियांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती. कमलाबाई तिच्या कामात शिरल्या आणि 1982-83 साली तिच्या अध्यक्षही होत्या. बाजारातून आणलेली वस्तू सुरक्षित आहे का, ते कसे ओळखावे, याविषयी त्यांनी संस्थेच्या 'कीमत' या मासिकात लेख लिहिले.

1997 साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांना मिळाला. आयन ढकलणारे पहिले विकर त्यांनी 1957 साली खेकड्याच्या मज्जातंतूंत ओळखले होते. उरलेला अर्धा वाटा एटीपी कसे तयार होते ते उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर या दोघांना मिळाला. कमलाबाई तेव्हा हयात होत्या. त्यांच्या तरुणपणी जे प्रश्न नुसते प्रश्न होते, त्यांची उत्तरे मिळालेली त्यांनी पाहिली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार करायचे ठरवले. या परिषदेच्या महासंचालक तेव्हा डॉ. जी. व्ही. सत्यवती होत्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना कमलाबाईंची हकिकत कळली होती आणि उशिरा का होईना, पण मान द्यावा असे वाटले होते. सत्तर-ऐंशी वर्षांची माणसे प्रवास टाळतात. कमलाबाईंनी तर ऐंशीही ओलांडली होती, तरी त्या दिल्लीला गेल्या. सभागृह भरले होते. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या, आणि थोड्याच काळाने त्यांचे निधन झाले.